कुरणातली पांढरी माती

रशीदभाई लॅबमध्ये आले ते हातात गवताचा ठोंब घेऊन. मुळांसकट, मातीसकट. माझ्या टेबलावर त्यांनी आधी वर्तमानपत्र अंथरलं, मग त्यावर ठोंब ठेवला आणि मग नमस्कार केला.

"मॅडम, ही जमीन निकामी आहे असं तुमच्या लॅबने लिहून दिलंय. हे गवत त्याच जमिनीतलं आहे."

ते भांडायला आले असते तर मला सोपं गेलं असतं. भांडणाऱ्या माणसाला बसा म्हणायचं, पाणी द्यायचं आणि साहेब बाहेर गेलेत असं सांगायचं, ही आमची ठरलेली पद्धत होती. हे गृहस्थ अगदी हळू बोलत होते. म्हणून मी रिपोर्टची कॉपी मागवली.

विश्रांतवाडीतल्या त्या खाजगी लॅबमध्ये मी माती विभाग सांभाळत असे. मालक डॉक्टर साठे. काम सरळ असायचं. लोक पिशवीतून माती आणत. ती आम्ही सावलीत वाळवायचो, लाकडी मोगरीने कुटायचो, चाळणीतून गाळायचो आणि तपासायचो. हा नमुना आला तेव्हा मी लेकीच्या बाळंतपणासाठी रजेवर होते. रिपोर्टवर साठे सरांची सही होती. लिहिलं होतं: जमीन चुनखडीयुक्त, हलकी, नापीक. खोल नांगरट करून खालचा थर फोडावा, शेणखत व सुपर फॉस्फेट द्यावं, मग फळझाडं लावावीत.

चुनखडीच्या जमिनीला हाच सल्ला देतात. त्यात वावगं काहीच नव्हतं.

रशीदभाईंचं घराणं भवानी पेठेत पिढ्यान्‌पिढ्या गवताचा धंदा करत आलेलं. घोड्यांच्या तबेल्यांना वाळलं गवत पुरवायचं, एवढंच काम. गवत यायचं सासवडच्या पुढच्या एका कुरणातून. कुरण म्हणजे चरायला न सोडता गवतासाठी राखलेलं रान. ते पुण्यातल्या एका जुन्या ट्रस्टच्या मालकीचं होतं आणि दरवर्षी कापणी रशीदभाईंकडे असायची. आता आमचा रिपोर्ट वाचून ट्रस्टने ठरवलं होतं की एवीतेवी जमीन निकामीच आहे, तर ती फोडून आवळ्याची बाग करावी. एका देणगीदाराच्या आईच्या नावाने. पावसाआधी ट्रॅक्टर लागणार होता.

"दुसरीकडचं गवत घ्या ना," मी म्हटलं.

"घेऊन पाहिलं. तबेलेवाले परत पाठवतात. त्यांना हेच पाहिजे. हे कुरण गेलं तर माझा धंदा गेला, मॅडम. चुन्याची जमीन आहे हे मलाही ठाऊक आहे, पण त्या चुन्यावर आमचं घर चाललंय."

म्हणजे त्यांनाही ती चुनखडीच वाटत होती. आपल्या भागात जमिनीत पांढरं दिसलं की चुनखडी, हे शाळेतलं पोरही सांगेल. मी ठोंबाच्या मुळातलं एक ढेकूळ उचललं आणि जरा थबकले. ढेकूळ मुठीएवढं होतं, पण हाताला त्याचं वजनच लागेना. चुनखडीचं ढेकूळ हाताला जड लागतं.

त्या रविवारी मी रशीदभाईंच्या टेम्पोतून कुरणावर गेले. दिवे घाट चढून पलीकडे गेलं की पाऊस कमी होत जातो आणि टेकड्या उघड्या पडतात. आजूबाजूला नुसता मुरूम. मधेच एका खोलगट भागात हे कुरण, कापणीनंतरच्या खुंटांनी गच्च भरलेलं. मी एक खड्डा खणायला लावला. वर मुळांची जाड चटई. तिच्याखाली फिकट, मऊ, पिठासारखी माती, चांगली खोल. त्याखाली चुनखडीचे खडे. मातीत थोडं पाणी घालून ती चिमटीत दाबली, तर आधी घट्ट वाटली आणि मग एकदम बुळबुळीत होऊन बोटांतून निसटली. काळी माती अशी वागत नाही. चुनखडीही वागत नाही.

लॅबमध्ये परत आल्यावर मी नमुन्यावर ॲसिड टाकलं. बुडबुडे आले. चुना असला की ते येतातच. आमच्याकडे बुडबुडे दिसले की वहीत चुनखडी लिहून पुढचा नमुना घ्यायचा, असा शिरस्ता होता. मी तसं न करता ॲसिड घालत राहिले, बुडबुडे पूर्ण थांबेपर्यंत. चुना सगळा विरघळून गेला. तरी माती जवळपास तेवढीच उरली होती. खालच्या थरातला थोडा चुना कणांवर चढला होता, इतकंच. उरलेली माती धुऊन एका कॉलेजच्या भूशास्त्र विभागात नेली आणि त्यांच्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. फुटलेल्या बल्बच्या काचेसारखे पातळ, वाकडे, धारदार तुकडे. सगळी काच.

ती ज्वालामुखीची राख होती.

इथे वाचक म्हणेल, अहो, आपला सगळा दख्खनच ज्वालामुखीतून झालेला आहे, त्यात नवल ते काय? खरं आहे. पण आपला काळा पत्थर म्हणजे वाहत येऊन थिजलेला लाव्हा. तो आपल्याच जमिनीतून निघाला. ही राख त्याच्या कितीतरी नंतरची. फार लांबच्या, समुद्रापलीकडच्या एका ज्वालामुखीतून उडालेली, वाऱ्याने इथवर आलेली, पावसाने धुऊन नदीकाठच्या खोलगट जागांत साठलेली. आपल्या भागात ती अशी तुकड्यातुकड्यांनीच सापडते. जिथे पाऊस भरपूर असतो तिथे अशा राखेची झिजून चांगली चिकणमाती होते. इथे पाऊस नाही. त्यामुळे राख काचेची काचच राहिली. कण हलके, मधे पोकळ्या पुष्कळ, म्हणून पाणी धरून ठेवते आणि उन्हाळ्यापर्यंत गवत पोसते. पण कणाला कण धरून ठेवणारं तिच्यात काही नाही. ते काम गवताची मुळं करतात. मुळं तोडली की कोरड्यात ती वाऱ्याने उडणार आणि ओल्यात पातळ चिखलासारखी वाहणार. वर या मातीची एक खोड असते. स्फुरद, म्हणजे फॉस्फेट, घातलं की ती ते स्वतःला चिकटवून ठेवते, झाडाला देत नाही. थोडक्यात, आमच्या रिपोर्टमधल्या प्रत्येक सल्ल्याने या जमिनीचं वाटोळं होणार होतं.

मी साठे सरांकडे गेले. माणूस वाईट नव्हता. फक्त गेलेला रिपोर्ट परत मागवणं म्हणजे दुकानाची पाटी उतरवणं, असं त्यांना वाटायचं. मी सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"जोशीबाई, चुना आहे की नाही मातीत?"

"आहे सर, पण अगदी थोडा, तोसुद्धा..."

"आहे ना? मग आपला रिपोर्ट बरोबर आहे."

मी म्हटलं, सर, निदान एक पुरवणी पत्र देऊ, की नांगरट करण्याआधी पुन्हा तपासणी करावी. त्यांनी चष्मा काढून पुसला. म्हणाले, सुट्टीच्या दिवशी स्वतःच्या हौसेने केलेल्या कामावर लॅबचं लेटरहेड वापरता येत नाही.

मग मी एकटीच ट्रस्टच्या ऑफिसात गेले. सदाशिव पेठेत, पहिल्या मजल्यावर. कार्यवाह वर्तक म्हणून होते, बँकेतून रिटायर झालेले. मला लाकडी खुर्चीत बसवलं, पंखा लावला आणि घड्याळाकडे पाहिलं. मी काचेचे कण, मुळांची चटई, स्फुरद, सगळं समजावलं. त्यांनी मधे एकदाही टोकलं नाही. शेवटी म्हणाले,

"म्हणजे बाई, समुद्रापलीकडची राख मुद्दाम आमच्याच कुरणात येऊन पडली. भाग्यच म्हणायचं."

मी हसले नाही. मी म्हटलं, एक छोटा तुकडा नांगरून बघा. एक पावसाळा जाऊ द्या. तो तुकडा टिकला तर बाकीचं करा, मी पुन्हा तोंड दाखवणार नाही. यावर मात्र ते विचारात पडले. देणगीदाराला काय सांगायचं, ही त्यांची खरी अडचण होती. गवतावर कुणाच्या आईचं नाव लावता येत नाही. तरी शेवटी म्हणाले, ठीक आहे, तुकड्यावर करून बघू. ते माणसासारखे बोलले, हे मला कबूल केलं पाहिजे. जिन्यावरूनच मी भवानी पेठेकडे निघाले आणि रशीदभाईंना सांगितलं, या वर्षी तरी कुरण वाचलं. त्यांनी चहा मागवला. त्यांच्या पत्नी पडद्याआडून बाहेर येऊन माझ्याशी बोलल्या, बराच वेळ. मला त्या दिवशी फार बरं वाटलं होतं. आज ते आठवलं की अंगावर येतं.

मी ऑफिसातून गेल्यावर वर्तकांनी आमच्या लॅबला फोन केला होता. बँकेतला माणूस, खात्री केल्याशिवाय पुढे जाणार नाही. साठे सरांनी त्यांना सांगितलं की रिपोर्टमध्ये बदल नाही, बाईंचं मत वैयक्तिक आहे. सर मला हे बोलले नाहीत. वर्तकही बोलले नाहीत. मला कळलं ते रशीदभाईंकडून, ट्रॅक्टर कुरणाच्या दुसऱ्या टोकाला पोचल्यावर.

आम्ही गेलो तोवर काम उरकलं होतं. नांगरामागून लांब दाताचं अवजार फिरवून खालचा थरही फोडलेला. वळवाच्या आधीचा वारा सुटला होता आणि कुरणावरून पांढरा धुरळा उठत होता. डोळे चुरचुरत होते. काचच ती. खालच्या वस्तीतली एक म्हातारी पदर तोंडाला लावून बांधावर उभी होती. ती रशीदभाईंना ओळखत होती.

"भाकरीत बी कचकच लागती बघा," ती म्हणाली. "काय पेरनार हायती हितं?"

रशीदभाईंनी आवळा असं सांगितलं. तिने मान हलवली आणि घराकडे गेली. रशीदभाई खाली बसून उलटलेल्या मुळांचे जुडगे गोळा करायला लागले. कशासाठी, ते त्यांनाही ठाऊक नसावं. थोड्या वेळाने त्यांनी ते तिथेच ठेवले.

पुढचं थोडक्यात सांगते, कारण त्यात सांगण्यासारखं फार नाही. पहिल्या मोठ्या सरीत वरची माती चिखल होऊन ओढ्यात गेली. जिथे राहिली तिथे वाळून पापुद्रा धरला. आवळ्याची रोपं समारंभपूर्वक लावली गेली, पाहुणे आले, पेढे वाटले. रोपांना खत घातलं ते मातीनेच गिळलं. दिवाळीपर्यंत रोपं पिवळी पडली आणि दुसऱ्या उन्हाळ्यात गेली. त्या जागी गाजरगवत आलं. ते जनावरही खात नाही.

रशीदभाईंनी एक हंगाम इकडचं तिकडचं गवत आणून तबेल्यांना दिलं. मग एकेक तबेला दुसऱ्याकडे गेला. गोदाम बंद केल्याचं सांगायला ते स्वतः लॅबमध्ये आले. मला राग येत होता, सरांचा, वर्तकांचा, त्या ट्रॅक्टरवाल्याचासुद्धा, आणि या माणसाला कुणाचाच राग येत नव्हता याचा सगळ्यात जास्त. ते म्हणाले, मॅडम, तुम्ही आमच्यासाठी दोन ठिकाणी शब्द टाकलात.

काही वर्षांनी वर्तकांचा फोन आला. आवाज थकलेला होता. ट्रस्टने ठराव केला होता, की बाग काही होत नाही, तर कुरण पूर्ववत करावं. गवत परत आणायला काय करावं लागेल, हे मी सांगावं. आणि ते गवतवाले गृहस्थ पुन्हा येतील का, तेही विचारावं.

मी पुन्हा खड्डा खणला. पीठ संपलं होतं. हातभर खाली लागायचे ते चुनखडीचे खडे आता वर आले होते. आता ती जमीन खरोखरच आमच्या रिपोर्टसारखी झाली होती. चुनखडीयुक्त, हलकी, नापीक. मी वर्तकांना सांगितलं, उडून गेलेली राख पुन्हा आणता येत नाही. त्यांनी विचारलं, मग किती वर्षं लागतील?

"गवताला विचारा," मी म्हटलं. "मला सांगता येणार नाही."

 ते म्हणाले, "बाई, त्या वेळी मी तुमच्या लॅबला फोन करायला नको होता."

मी रशीदभाईंना निरोप दिला. तेव्हा ते एका शाळेची व्हॅन चालवत होते. त्यांनी नीट ऐकून घेतलं, ट्रस्टचे आभार मानले आणि म्हणाले, मुलांना सोडायची वेळ झाली.

त्यानंतर नोकरीत असेपर्यंत मी एक गोष्ट पाळली. मातीची पिशवी घेऊन येणारा प्रत्येक जण सांगतो, तिथे त्याला काय लावायचं आहे. मी आधी विचारायचे, तिथे आत्ता काय उगवतंय आणि ते कोण कापून नेतं. बहुतेकांना ते सांगता येत नसे. काही जण चिडत, बाई, तुम्ही माती तपासा. मी तपासायचे. पण तेवढं उत्तर आल्याशिवाय रिपोर्ट टाइप करायला देत नसे, आणि त्यापायी आमच्या लॅबची बरीच गिऱ्हाइकं दुसरीकडे गेली.