आज डब्यात काय होतं?

ओटीपी कोणालाही सांगायचा नाही, हे बाबांना मीच शिकवलं. शिकवलं म्हणजे अक्षरशः घोकून घेतलं. बँकेतून बोलतोय म्हणाला तरी नाही, पोलीस म्हणाला तरी नाही, रडायला लागला तरी नाही. बाबा वागळे इस्टेटमधल्या कारखान्यात लेथ मशीनवर आयुष्य काढून रिटायर झालेले, सांगितलेलं काम मापात करायची सवय. एकदा मी ठाण्याहून डोंबिवलीला घरी फोन केला, “बाबा, आत्ता तुमच्या मोबाइलवर ओटीपी आलाय, तो सांगा पटकन.” तर पलीकडून शांतपणे प्रश्न, “तू तूच कशावरून?”

“अहो बाबा, आवाज ओळखत नाही माझा?”

“हल्ली आवाजसुद्धा खोटे काढतात, तूच सांगितलंस. आज डब्यात काय होतं?”

आई गेल्यापासून माझा डबा तेच भरायचे. “भेंडी!” मी ओरडले. “आणि?” “आणि लिंबाचं लोणचं!” मग कुठे आकडे मिळाले. सरकारी रेकॉर्ड रूमबाहेरच्या बाकावर बसलेले सगळे माझ्याकडे बघायला लागलेले.

त्या बाकावर मी बरंच तारुण्य घालवलंय. वागळे इस्टेटमधल्या बंद पडलेल्या कारखान्यांच्या कामगारांवर मी पीएचडी करतेय. करतेय म्हणजे वणवण फिरतेय. साहेब मीटिंगला गेलेत, पत्रावर गाइडचा शिक्का नाही. आणि शिक्का घेऊन जावं तर फायलीच वाळवीने खाल्लेल्या. कारखान्यांच्या जागी काचेच्या बिल्डिंगी. गेटवरचा वॉचमन विचारतो, कोणाला भेटायचंय? आता काय सांगू त्याला, कपाळ?

शेवटी गाइड म्हणाले, जुन्या कामगारांच्या मुलाखती घे. तेही सोपं नव्हतं. लोक मला चहा पाजायचे, लग्नाचं विचारायचे, आणि कारखान्याबद्दल अवाक्षर नाही. मग बाबा माझ्यासोबत यायला लागले. समोर बसायचे आणि म्हणायचे, “कॅन्टीनची उसळ आठवते का रे?” झालं! माणूस सुटलाच. माझं प्रत्येक रेकॉर्डिंग बाबांच्या त्या उसळीने सुरू होतं.

ती सगळी रेकॉर्डिंग्ज मी एका ऑनलाइन अकाउंटवर चढवलेली आणि त्याला बाबांच्या नंबरचं कुलूप लावलेलं. माझा फोन एकदा चोरीला गेल्यापासून माझ्या नंबरवर माझा विश्वास नव्हता. शिवाय आमच्याकडे शाळेच्या फॉर्मपासून सगळीकडे बाबांचाच नंबर. काम झालं की लॉगआऊट, घरच्या लॅपटॉपवरसुद्धा. दुसरीकडे कॉपी ठेवायची नाही, ती कोणाच्या हाती लागली तर? मैत्रिणी हसायच्या मला. हसू देत, म्हणायचे मी.

गेल्या वर्षी बाबा गेले. दुपारी कुकर लावला आणि जरा पडतो म्हणाले, एवढंच. त्यानंतर कितीतरी महिने मी ते अकाउंट उघडलंच नाही. त्यांचा आवाज ऐकायची हिंमत नव्हती. त्यांचा फोन कपाटात ठेवला, रिचार्ज केला नाही. त्यावर फोन कोण करणार होतं?

मग गाइडचा निरोप आला. प्रबंधाचं प्रकरण आण, रेकॉर्डिंगसकट. नुसत्या तुझ्या टिपणांवर कोण विश्वास ठेवेल? माणूस हे बोलला कशावरून?

पासवर्ड पहिल्या फटक्यात बरोबर आला. पुढे ओटीपी, बाबांच्या नंबरवर. फोन चार्ज केला तर त्याला रेंजच नाही. मोबाइलच्या दुकानात गेले तेव्हा कळलं, बंद पडलेला नंबर कंपनीने दुसऱ्याला देऊन टाकलाय. अकाउंटवाल्यांना लिहिलं, तर मशीनचं छापील उत्तर, तुम्ही तुम्हीच आहात याची आम्हाला खात्री पटत नाही. मी लॅपटॉपला अशा शिव्या घातल्या की बाबा असते तर त्यांनी कानावर हात ठेवले असते. प्रकरण गेलं खड्ड्यात. त्यांचा आवाज दुसरीकडे कुठेच नाहीये हो. एका घरात राहणारी माणसं एकमेकांना कशाला रेकॉर्ड करतील?

त्याच नंबरवर मी फोन लावला. स्क्रीनवर ‘बाबा’ आलं आणि रिंग वाजायला लागली.

पुरुषाचा आवाज होता, मागे कसलंतरी मशीन चालू. मानपाड्याला वर्कशॉपमध्ये आहे म्हणाला. मी त्याला सगळं सांगितलं, बाबा, रेकॉर्डिंग्ज, उसळ, सगळं. त्याने मशीन बंद करून ऐकून घेतलं.

“वाईट वाटलं ताई. पण ओटीपी नाही देता येणार. मुलीने दम दिलाय मला, कोणी कितीही रडलं तरी सांगायचा नाही.” मग म्हणाला, “राग मानू नका. पण तुम्ही त्यांची मुलगी कशावरून?”

“सिमला मिरची,” मी म्हणाले. “पीठ पेरून.”

“काय?”

“काही नाही. तुमची मुलगी बरोबर सांगते. कोणालाच देऊ नका.”

मी फोन ठेवला. डबा हल्ली मीच भरते. आज त्यात काय होतं, ते दुसऱ्या कोणालाच माहीत नसतं.