दोन बोटं वर शिवलेला पडदा

"आतल्या माणसाला बाहेरचं माणूस दिसावं, पण बाहेरच्याला आतलं दिसू नये, असं कापड असतं का हो?"

हा प्रश्न खालच्या मजल्यावरच्या पडदेवाल्या काकूंनी मला जिन्यात विचारला. कुणावर पाळत ठेवायची आहे का, असे मी हसत विचारले.

"पाळत कसली! अक्काला न्हायला घालायचंय," असे म्हणून गळ्यातली मापाची टेप सावरत त्या निघून गेल्या.

काकू पडद्यांच्या दुकानात शिवणकाम करीत. त्यांनी लग्न केले नाही. का केले नाही, हे विचारणाऱ्याला "मापाचा मिळाला नाही" एवढेच उत्तर मिळे. अक्का ही त्यांची थोरली बहीण. लहानपणी दोघी एका पांघरुणात झोपत आणि ते पांघरूण आपल्याकडे ओढण्यावरून रोज भांडत. अक्कांचे लग्न लवकर झाले, त्या दूरच्या गावी गेल्या, आणि त्यानंतर बहिणींच्या वाट्याला सुट्टीतले चार दिवस तेवढे आले. म्हातारपणी एकत्र राहायचे, धाकटीच्या घरी, हे मात्र फार पूर्वी ठरले होते. अक्का विधवा झाल्या, मुलाचा संसार मार्गी लागला, आणि आता ती वेळ आली असे काकूंना वाटू लागले.

आड आली ती काच. मुलाच्या घरी शॉवरच्या काचेच्या कप्प्यात अक्का पाय घसरून पडल्या. दार आत उघडणारे, आणि त्याला टेकून त्या स्वतःच पडलेल्या. त्यामुळे बाहेरून ते उघडेना. लागले फारसे नाही. पण दार बिजागऱ्यांतून निघेपर्यंत मुलगा, सून आणि मदतीला धावलेले शेजारी काचेपलीकडे उभे होते. सगळे त्यांना दिसत होते आणि सगळ्यांना त्या. तेव्हापासून अक्का खोलीतच ओल्या फडक्याने अंग पुसून घेत. बंद जागेत एकटे राहणे नको आणि कुणाच्या नजरेला पडणेही नको, अशा दुहेरी भयात त्या सापडल्या होत्या. काकूंच्या न्हाणीघरातही कोपऱ्यात तसाच काचेचा कप्पा होता. "तुझ्याकडे आले तर तिथंही तेच," असे अक्का फोनवर म्हणाल्या, आणि काकूंनी दुसऱ्याच दिवशी फिटिंगवाल्याला बोलावले.

"काकू, लोक पडदा काढून काच लावतात. तुम्ही उलट्या दिशेनं कुठं निघालात?" तो म्हणाला.

"लोकांच्या बहिणी लोकांना लखलाभ. तू स्क्रू काढ."

बाजूच्या काचेसकट दार निघाले. त्याच्या जागी स्टीलचा दांडा बसला, तोही भिंतीत पक्का ठोकून. अक्का तोल जाताना आधी वर हात टाकणार, हे काकूंना ठाऊक होते. राहिले कापड. दुकानाच्या मालकांनी प्लॅस्टिकचे तयार पडदे पुढ्यात टाकले, त्यांवर मासे होते, शंख होते, एकावर बदके. काकूंनी ते बाजूला सारले. प्लॅस्टिकला चुण्यांनी पडणे माहीत नसते, ते नुसते लटकते, असे त्यांचे जुने मत होते. त्यांनी गठ्ठ्यांच्या तळातून पाणी न धरणारे पातळ पांढरे कापड ओढून काढले आणि ते दारातल्या उजेडासमोर धरले.

"अहो, बहिणीला न्हायला बसवताय की बोहल्यावर?" मालक म्हणाले.

"तुम्ही नुसतं तिकडून बघा आणि सांगा, मी दिसते का."

खिडकीच्या झिरझिरीत पडद्याचा नियम सगळ्यांच्या अंगवळणी पडलेला असतो: जिकडे उजेड, तिकडचे दिसते. काकूंनी तोच न्हाणीघरात नेला. कप्प्यावरचा दिवा काढून टाकला आणि बाहेरच्या बाजूला, आपण स्टुलावर बसणार तिथे, डोक्यावर दुसरा बसवून घेतला. आत मंद अंधार, बाहेर लख्ख प्रकाश. मग शेजारणीला स्टुलावर बसवून त्या स्वतः साडीनिशी कप्प्यात शिरल्या.

"दिसते का गं मी?"

"पांढरं धुकं दिसतंय नुसतं. काकू, आहात ना आत?"

"आहे, आहे. तू मात्र चांगली दिसतेस. पदर नीट घे."

पडदा त्यांनी घरी शिवला. चुणी भरपूर सोडली, शिवण दुहेरी घातली, आणि खालची पट्टी दुमडताना हाताने आयुष्यभर जे केले तेच केले. खिडकीचा असो वा दाराचा, पडदा टेकला की मळतो, म्हणून तो दोन बोटे वर राहिला पाहिजे, हे दुकानातले पहिले वळण. हा पडदा कप्प्याच्या उंबऱ्याच्या आत खोल उतरायला हवा होता; तो उंबऱ्यापासून दोन बोटे वर, अगदी सरळ रेषेत थांबला. काकू लांब उभ्या राहून त्याच्याकडे पाहत होत्या, आणि मलाही त्यांनी मुद्दाम बोलावून तो दाखवला. चूक आम्हां दोघांपैकी कुणालाही दिसली नाही.

भाचा अक्कांना आठवडाभरासाठी घेऊन आला. जमले तर कायमचे, असे ठरले होते. सकाळी अक्का आत स्टुलावर बसल्या, काकू बाहेर. पाणी सुरू झाले.

"ठमे, दिसतेस गं!" अक्का ओरडल्या. "केवढी पिकलीस!"

"आणि तू काय, हिरवी आहेस?"

"मी तुला दिसते का?"

"नाही. देवाची शप्पथ."

मग अक्का बोलायला लागल्या. कित्येक महिन्यांत अंगावर धड पाणी न पडलेली ती बाई शॉवरखाली जी मोकळी झाली ती थांबेना. सासरच्या गोष्टी, सुनेच्या तक्रारी, बालपणीच्या त्या पांघरुणाचे भांडण. ते आपणच फाडले होते, हेही त्यांनी त्या दिवशी कबूल केले. पाणी पडद्याखालून बाहेर आले. काकूंच्या पायांशी पोचले, त्यांच्या साडीची किनार भिजली, मग ते दाराकडे वळले. काकूंना ते दिसत होते. "पाणी बंद कर" एवढे दोन शब्द पुरेसे होते. पण ते उच्चारले की आतले बोलणेही बंद पडेल, म्हणून त्या पाय वर घेऊन बसून राहिल्या आणि हुंकार देत राहिल्या.

अक्कांनी अंग पुसून, गाऊन घालून पडदा सारला, आणि समोरची चकाकती फरशी पाहून त्यांचा पाय उंबऱ्यावरच थिजला. दांडा दोन्ही हातांनी धरून त्या उभ्या राहिल्या. काकूंनी कंबरेला धरले, समजावले, फरशीवर चादर अंथरली; पाय उचलेना. शेवटी भाच्याने आत येऊन त्यांना उचलून बाहेर आणले. त्या वेळी अक्कांनी डोळे घट्ट मिटून घेतले होते.

संध्याकाळी त्या मुलाला म्हणाल्या, "मला घरी ने."

"अक्का, अगं दोन बोटं कापडाचा प्रश्न आहे. उद्या पट्टी जोडते," काकू म्हणाल्या.

"पडदा छान आहे गं. माझंच काही खरं नाही."

निघताना भाचा दारात घुटमळला. "मावशी, त्यापेक्षा तूच चल ना आमच्याकडे."

"बहिणीच्या लेकाच्या घरी आश्रित म्हणून?" काकू म्हणाल्या. "घर माझं आहे. येईल ती."

पट्टी जोडली गेली. तळाशी वजनासाठी शिशाचे दाणे शिवले गेले आणि पडदा उंबऱ्याच्या आत उतरला. काकू स्वतः त्या कप्प्यात कधी आंघोळ करीत नसत. बादली बाहेरच ठेवत. अधूनमधून मात्र त्या शॉवर सोडून फरशी कोरडी राहते का ते पाहत आणि फोनवर कळवत. अक्का म्हणत, "येते गं, गुडघे जरा बरे होऊ देत." गुडघ्यांनंतर नातीची परीक्षा आली, मग थंडी. मी जिन्यात भेटलो की काकू सांगत, "आता पुढच्या महिन्यात." त्या कोणाची समजूत घालत होत्या, हे विचारण्याचे धैर्य मला झाले नाही.

एके दिवशी फोनवर अक्का सहज म्हणाल्या की हल्ली सून बाहेर बसते, म्हणून पुन्हा आंघोळ सुरू केली आहे. "पण ती मोबाईलमध्ये असते. हाक मारली की ओ येत नाही. मग मी आपली घाईघाईनं दोन तांबे ओतून घेते."

काकूंनी फोन ठेवला तेव्हा मी तिथेच होतो. त्यांनी मापाची टेप गळ्यात अडकवली. मग उठल्या, न्हाणीघरात गेल्या आणि पडद्याच्या कड्या एकेक करून दांड्यावरून काढू लागल्या.

"काढताय कशाला? चांगला बसलाय की."

"तिथल्या कप्प्याचं माप वेगळं असेल," त्या म्हणाल्या. "थोडा आत घ्यावा लागेल."

२०१४ च्या जून महिन्यात काकूंनी दुकानातली नोकरी सोडली आणि त्या भाच्याच्या घरी राहायला गेल्या. अक्का २०२० साली वारल्या. काकू अजून तिथेच राहतात.