फ्रिजसमोरच्या चपला

वायरमनमामा म्हणजे माझ्या सासूबाईंचे धाकटे भाऊ. माणूस लाखात एक, पण राग कायम नाकावर. कुणाच्याही घरी गेले की पाणी पिण्याआधी हिरव्या वायरची चौकशी करणार. जमिनीत ठोकलेल्या अर्थिंगच्या रॉडपर्यंत जाणारी ती वायर त्यांना सख्ख्या नातेवाइकांपेक्षा जवळची. आम्ही पाठीमागे हसायचो.

बाहेरची वीज आमच्यापर्यंत पोचतच नाही. छतावर सोलरची पॅनेल, जिन्याखाली बॅटऱ्या आणि इन्व्हर्टर, सगळं मामांनीच बसवलेलं. दोन वर्षांनी परवा ते आले आणि फ्रिजसमोर थबकले. तिथे रबरी चपलांचा एक जोड होता. शेजारी तळहाताएवढा दुसरा, लाल, कोरा करकरीत.

सासूबाईंनी सहज सांगितलं, फ्रिजला हात लावला की मुंग्या येतात, म्हणून चपला घालूनच उघडायचा. नातू आता धरून उभा राहायला लागलाय, म्हणून त्यालाही आणल्या.

मामा जिन्याखाली वाकले. हिरवी वायर कापून टेपने गुंडाळलेली होती. सासरे अभिमानाने म्हणाले, इन्व्हर्टर सारखा बंद पडायचा, वायर कापली आणि सुतासारखा सरळ झाला.

"दाजी, फ्रिजमधनं वीज गळतेय म्हणून तो बोंबलत होता. तुम्ही त्याचंच तोंड दाबलंत."

दोन वर्षांत कुणाला काही झालंय का, असं सासऱ्यांनी उलट विचारलं. माझ्या अंगाची लाहीलाही झाली. त्यांचा राग आला आणि स्वतःचा त्याहून जास्त. मीही मुकाट्याने चपला घालतच होते. लाल रंग तर मीच निवडला होता.

मामांनी मेन स्विच बंद केला. फ्रिजमागे घासून उघडी पडलेली वायर बदलली, हिरवी वायर नव्याने ओढली, रॉडवरचा गंज घासून नट आवळला. हाताबरोबर तोंडाचा पट्टाही चालू होता. मीटर लावून तपासलं, मग स्विच चालू केला. इन्व्हर्टर गप चालत राहिला.

"आता चपला काढा, दाजी. पहिला हात तुम्ही लावा."

मीटरवर सगळं ठीक आहे ना, असं सासऱ्यांनी विचारलं. पुन्हा विचारलं. मग तिसऱ्यांदा विचारलं. चपला काही पायांतून निघेनात.

मी तो लाल जोड उचलला आणि त्यांच्या हातात दिला. मग त्यांनी आपल्या काढल्या.