सोन्याची टोपी आणि ठाण्यातला चहा

ती तक्रार निवृत्तीनंतरही माझ्या डोक्यातून जात नाही. तिच्यात गुन्हेगार कोणीच नव्हता, शिक्षा मात्र झाली.

नागपुरात धरमपेठेजवळच्या एका ठाण्याचा मी प्रभारी होतो. एका सकाळी सत्तरीची आजी शेजाऱ्याला घेऊन आली. मुलगा वारलेला, घरात ती आणि विधवा सून, दोघीच. सून जेवणाचे डबे करून घर चालवायची.

"साहेब, सून मले जेवणातून काहीतरी देऊन राहिली," आजी म्हणाली. "घास घेतला का तोंडात लोखंडाची चव. कधी कधी तर करंट लागल्यावानी होते."

शेजाऱ्याने पुस्ती जोडली, की सुनेने परवाच उंदरांचे औषध नेले. घर आजीच्या नावावर. हेतू आणि साधन, दोन्ही आयते हाती आले. मी चहा मागवला. आजीने एक घोट घेतला आणि तोंड वाकडे केले. "यातबी तेच!"

मी हसलो. आमच्या ठाण्याचा चहा तोंडात धरवत नाही, हे नवा शिपाईसुद्धा पहिल्याच दिवशी शिकतो.

पंचनामा करून घरातले अन्न, मसाले आणि औषधाची पुडी जप्त केली, नमुने प्रयोगशाळेकडे पाठवले. बाईमाणसाची चौकशी तिच्या घरी जाऊन करायची, हा नियम मीच हाताखालच्यांना शिकवायचो. तरी सुनेला ठाण्यात बोलावले, तेही सलग तीन दिवस. महिला शिपाई शेजारी बसवली आणि स्वतःची समजूत घातली.

"जेवणात काय कालवलंस?"

"मीठ, तिखट. अजून काय कालवू?"

"मग म्हातारी खोटं बोलते?"

"नाही जी. त्याइले खरंच तरास आहे. दवाखान्यात चाला म्हटलं, तर माह्यासंग येत नाहीत."

ती रडली नाही. बाई मुरलेली आहे, असे मी ठरवून टाकले. त्या बोलण्यातली काळजी मला ऐकूच आली नाही.

अहवाल आला. एकाही नमुन्यात विषारी पदार्थ नव्हता. मग मला तो चहा आठवला. ठाण्याच्या चहाला तर सुनेचा हात लागला नव्हता! मी तडक आजीचे घर गाठले.

"आजी, हा त्रास कधीपासून?"

"दिवाळीपासून. सोनं बसवलं तवापासून." तिने तोंड उघडून दाखवले. वरच्या दाढेवर सोन्याची टोपी होती. "मरताना तोंडात सोनं पाहिजे ना, साहेब. पोरगा गेला. त्या वक्ताले कोण टाकीन? म्हणून जितेपणीच बसवून घेतलं."

तिला ओळखीच्या दंतवैद्याकडे नेले. सोन्याच्या बरोबर खालच्या दाढेत फार वर्षांपूर्वी भरलेली चांदी होती, काळी पडलेली. डॉक्टर म्हणाले, "दोन वेगळे धातू आणि मध्ये लाळ, म्हणजे तोंडात बॅटरीच झाली. दाढा एकमेकींना टेकल्या की झटका बसतो. खालची चांदी गंजते, तिचीच चव जिभेला लागते."

आजीने हात जोडले, "सोनं नका काढू." डॉक्टरांनी चांदी काढून पांढरे सिमेंट भरले. आठवड्यात चव गेली. आजी मला म्हणाली, "सुनेले आणून द्या. तिच्या हातचं खाईन."

पण सून काटोलला माहेरी निघून गेली होती. ठाण्याच्या बाकावर तीन दिवस बसलेले तिला साऱ्या वस्तीने पाहिले होते. तिचे डबे बंद पडले. विष घालणारीच्या हातचे कोण खाईल?

मी काटोलला गेलो, सगळे सांगितले, माफीही मागितली. ऐकून झाल्यावर तिने विचारले,

"साहेब, तुम्ही मले सांगितलं. डबे घेणाऱ्या त्या घराइले कोण सांगन?"

दफ्तरी तक्रार निकाली निघाली होती, पण दफ्तर वाचायला वस्ती येत नाही. संशय एकदा पक्का झाला की पोलिसाचे कान बंद होतात, हे मी तिच्या माहेरच्या अंगणात शिकलो. पुरावा पहिल्याच दिवशी माझ्या टेबलावर कपबशीत होता आणि मी हसलो होतो. त्याची लाज आजही वाटते.

मी उठायला लागलो तेव्हा तिने चहा आणला. कप माझ्या हातात देण्याआधी त्यातला थोडा बशीत ओतला आणि माझ्यादेखत पिऊन टाकला.

"आता सवयच लागली," ती म्हणाली आणि कप पुढे केला.

चहा चांगला होता. मला तो गिळवत नव्हता.