आकडा कोणाचा

माझ्या धाकट्या जावेच्या लिव्हरची गाठ काढली, तेव्हा संभाजीनगरच्या डॉक्टरांनी आम्हाला एकच गोष्ट घोटून घोटून सांगितली होती. दर तीन महिन्यांनी रक्त तपासायचं. ती वाईट गाठ रक्तात एक पदार्थ सोडते, त्याचा आकडा रिपोर्टात येतो. आकडा खाली असेल तर सुखानं भाकर खा. वर गेला तर तडक या. इतकं सोपं. मी बारावी पास, म्हणून घरानं हे काम माझ्या गळ्यात घातलं.

आमचं गाव धामणगाव बढ्याजवळ. मिरची, वांगी, थोडा मका. भाजीची गाडी धाकटे दीर नेतात, घर सासूबाई सांभाळतात, आणि मी नुसतं तोंड चालवते असं सगळे म्हणतात. म्हणू द्या. धाकटीला एस.टी.त बसवून राजूरच्या घाटानं बुलढाण्याला रक्ताला न्यायचं, ते मीच. रक्त दिलं की ती स्टँडबाहेर उसाचा रस मागायची. मी म्हणायची, "अवं, लिव्हरवाल्या बाईनं बाहेरचं पिऊ नये." ती म्हणायची, "मंग तुम्ही प्या, मी पाह्यते." मग मी काय एकटी पिणार? उगीच खालमानेनं दोघी बसमध्ये चढायचो.

आकडा वर्षभर शहाण्यासारखा खाली राहिला. आणि एके दिवशी वाढला. चांगला दुपटी-तिपटीनं वाढला. रिपोर्ट बघून दीर ओट्यावर बसले ते उठेचनात. सासूबाईंनी देव पाण्यात ठेवले. मी रडले, डोळे पुसले, पिशवी भरायला घेतली. धाकटी मेथी निवडत होती. तिनं मान वर केली नाही. ही बाई आहे का दगड, असं मला झालं. तिच्यासाठी आम्ही घायकुतीला आलो, आणि हिला मेथीच्या काड्यांची पडलीय.

दीर आणि आम्ही दोघी संभाजीनगरला गेलो. डॉक्टर म्हणाले, आधी औषध टोचून पोटाचा स्कॅन करू. स्कॅनच्या खोलीबाहेर भिंतीवर पाटी होती, गरोदर असाल तर आधी सांगा. आतली पोरगी बाहेर आली आणि तिनं धाकटीला विचारलं, "पाळी कधी आली होती?" मीच म्हटलं, "अवं माय, ती ऑपरेशनवाली हाय. तिले काय पाळी इचारून राह्यली? आमच्या जिवाले काय लागलं, अन् तुले काय सुचते!"

धाकटीनं माझा हात धरला. "बाई, थांबा जरासं."

मी पाटीकडं पाहिलं, तिच्याकडं पाहिलं. माय वं!

तिसरा महिना भरत आला होता, आणि तिनं नवऱ्यालासुद्धा सांगितलं नव्हतं. आमच्याकडं तीन महिने पुरे झाल्याशिवाय कोणी तोंडातून काढत नाही, दृष्ट लागते म्हणतात. आजाराच्या आधी एकदा तिला दिवस गेले होते, तेव्हा तिनं हरखून गावभर सांगितलं आणि ते राहिलं नाही. ह्या वेळी तिनं ओठ शिवून घेतले होते. त्यात डॉक्टरांनी इतक्यात पोराचं नाव काढू नका म्हणून बजावलेलं. म्हणजे सांगायची चोरीच.

स्कॅन राहिला. डॉक्टर आधी रागावले, मग कपाळ चोळत बसले. ते म्हणाले, पोटातल्या बाळाचं लिव्हरही तोच पदार्थ बनवतं, आणि तो आईच्या रक्तात उतरतो.

मी विचारलं, "म्हणजे हा वाढलेला आकडा पोराचा हाय का गाठीचा?"

"आत्ता सांगता येत नाही. पोराचा असेल. आजाराचा असेल. दोघांचाही असू शकतो."

बाप्पा! एवढे शिकलेले, एवढ्या मशिनी, आणि ह्यांनाही सांगता येत नाही? सोनोग्राफी केली. लिव्हरवर काही दिसलं नाही, पण फार बारीक असलं तर दिसणार नाही म्हणाले. बाळाचं काळीज मात्र टकटक करताना दिसलं. डॉक्टरांनी सगळा धोका समजावला. आजार परतला असेल तर उपचाराला उशीर होईल. ठेवायचं का नाही, ते तुम्ही ठरवा. दीर माझ्याकडं बघायला लागले, मी दिरांकडं.

धाकटी म्हणाली, "ठेवते."

परतीच्या बसमध्ये मी तिला बोलायची बाकी ठेवली नाही. जीव राह्यला तर पोरं दहा होतील, म्हटलं. ती खिडकीकडं बघत म्हणाली, "बाई, गाठीचं 'असेल' म्हणतात. पोराचं तं दिसलं न." मी पिशवीतून पाण्याची बाटली काढली आणि तिच्या हातात दिली.

मग सुरू झाली ती सगळी गंमत म्हणा का छळ. दर खेपेला आकडा वाढलेलाच यायचा. आधी वाढला की रडायचं, हे पक्कं होतं. आता वाढला की काय करायचं? पोर वाढून राह्यलं म्हणून हसायचं, का गाठ वाढून राह्यली म्हणून रडायचं? मी रिपोर्ट हातात घेऊन नुसती उभी राहायची. सासूबाईंनी मात्र त्यांच्यापुरता निकाल लावून टाकला होता. बाळाच्या लिव्हराचा आकडा ना, मग वाढलाच पाहिजे. रिपोर्ट आला की विचारायच्या, "वाढला?" हो म्हटलं की लगेच डबा काढून सगळ्यांच्या हातावर चिमूट चिमूट साखर. मी भांडायची. "आत्याबाई, असं नसते हो. तो गाठीचाही असू शकते." त्या म्हणायच्या, "तुह्या तोंडात साखर घाल आधी, मंग बोल." अन् खरं सांगते, मी खायची. भीती वाटायची आणि साखर गोडही लागायची. डोक्याचं पार भजं झालं होतं.

शेवटी शेवटी आकडा थोडा उतरला. मी मनात म्हटलं, चला, आजार नव्हताच. सासूबाईंनी हंबरडा फोडला, पोराले काही झालं. डॉक्टरांना फोन केला तर ते म्हणाले, शेवटच्या महिन्यांत उतरतोच. घ्या! वाढला तरी त्याचा अर्थ नाही, उतरला तरी नाही. मग आम्ही रक्त काढतो तरी कशाला, असं मी फोनवर ओरडले.

मुलगी झाली. काळीसावळी, दणदणीत आवाजाची. सासूबाई म्हणाल्या, मोठीवर गेली, म्हणजे माझ्यावर. आता बाळ बाहेर आलं, म्हणजे आकडा काही आठवड्यांत पहिल्या जागी यायला पाहिजे होता. आला खाली भराभर. आम्ही डबा काढायच्या बेतात. आणि मधेच थांबला. पुन्हा तपासला, तरी तिथंच. पहिल्या जागेपेक्षा जरासा वर.

ह्या वेळी स्कॅन झाला. लिव्हरवर बारीक गाठ होती. डॉक्टर म्हणाले, लहान आहे, सुईनं जाळता येईल.

धाकटीनं ओटीत पोर घेतलेली होती. तिनं विचारलं, "म्हणजे तवा दोघंही होते? मी दोघांलेही पोसून राह्यली होती?"

डॉक्टर म्हणाले, "बहुतेक."

घरी सांगितलं तेव्हा सासूबाईंनी साखरेचा डबा फळीवर मागं सारला. मग म्हणाल्या, "म्हणजे मी त्या गाठीच्या नावानंही साखर वाटली." त्या दिवसापासून त्यांनी साखर सोडली. चहासुद्धा फिक्का. मी म्हटलं, तुमच्या साखरेनं गाठ वाढत नसते हो. ऐकतील तर शपथ. आणि मला तरी कुठं कळत होतं? पोर न ठेवता तेव्हाच स्कॅन केला असता तर गाठ आधी सापडली असती, पण मग ही पोरगी? दोन्ही बाजूंनी विचार करते आणि दोन्हीकडून हात पोळतो. अजूनही तेच होतं.

सुईनं गाठ जाळली. त्यानंतरचा रिपोर्ट मोबाईलवर आला तेव्हा आम्ही अंगणात मिरच्या पसरत होतो. पोरगी सासूबाईंच्या मांडीला धरून उभी राहायला शिकत होती. मी म्हटलं, "उतरला. पहिल्या जागी आला."

सासूबाईंच्या तोंडून सवयीनं निघालं, "उतरला? काऊन? पोरगी तं चांगली जेवते!" धाकटी हसायला लागली, आणि हसता हसता पदर डोळ्याला लावला. मी घरात गेले, डबा आणला, सासूबाईंच्या हातावर साखर ठेवली. "खा आता, आत्याबाई."

त्यांनी मूठ मिटली. "पुढचा रिपोर्ट येऊ दे. मंग पाहू."

पोरीनं ती मूठ दोन्ही हातांनी ओढली, बोटं उघडली आणि तळहात चाटायला लागली. सासूबाईंनी चाटू दिलं. मग तिचं तोंड बाजूला केलं, आणि हातावर उरलेले चार दाणे धाकटीपुढं धरले.

"तिचं तिनं खाल्लं," त्या म्हणाल्या. "हे तुह्यं."