हिरोच्या तोंडाला वास का येत नाही?

सुकापूरच्या मंडळींनो, दुपारी पनवेलला सिनेमा बघून आलोय आणि डोकं अजून गरम आहे.

कॉलेजात असताना पडद्यावर हिरोने सिगारेट पेटवली की प्राची माझा दंड धरून म्हणायची, "काय भारी दिसतो ना!" म्हणून मीही ओढायला लागलो. पुढे कॉलेज सुटलं, सिगारेट नाही सुटली. मग तीच म्हणाली, "जवळ नको येऊस, वास येतो." आणि सोडून गेली.

आज ती दोन रांगा पुढे होती, नव्या पोरासोबत. हिरोने सिगारेट पेटवली, कोपऱ्यात धोक्याची सूचना आली आणि बाईसाहेबांनी चक्क शिट्टी मारली! तो पोरगा तिच्याकडे बघतच राहिला.

इंटरव्हलला बाहेर तोच मला विचारतो, "भावा, एक सिगारेट मिळेल? पहिल्यांदाच ओढतोय."

क्षणभर वाटलं, सावध करावं. नाही केलं. अख्खं पाकीट त्याच्या खिशात कोंबलं. म्हटलं, "ठेव रे, भारी दिसशील."

आता घे म्हणावं वास, बाईसाहेब!

सिनेमात सिगारेट दाखवावी का, तुम्हीच सांगा. माझं म्हणणं एवढंच, दाखवायचीच असेल तर नाक दाबून निघून जाणारी हिरोईनही दाखवा.