भिंतीवरचा प्रश्न

हेरिंग मासळीचा कारखाना बंद पडला, तेव्हा रोजगार कचेरीनं आम्हा बायकांना विचारलं, आता काय शिकणार? तेर्ही म्हणाली, "मासे सोडून काहीही." अशा रीतीनं पन्नाशीच्या आम्ही दोघी पडद्यांची, म्हणजे स्क्रीनची, रचना शिकायला बसलो. फोनवर, यंत्रावर कुठलं बटण कुठे हवं, त्यावर काय लिहायचं, वापरणारा माणूस कुठे अडखळतो, असला तो अभ्यास. मला ती निव्वळ थेरं वाटली. तेर्ही मात्र त्यात पार बुडाली. घरी गेल्यावर कॉफीच्या यंत्रालासुद्धा नावं ठेवायला लागली.

आमचा मास्तर इल्पो, तिशीचा पोरगा. तो सांगायचा, "बटण बटणासारखं दिसू द्या. महत्त्वाचं ते मोठं करा. माणसाकडून चूक होणारच, म्हणून मोठं काही घडायच्या आधी त्याला एकदा विचारा." आणखी एक सांगायचा, "लोक काय बोलतात ते ऐकू नका, त्यांचे हात काय करतात ते बघा." हे शेवटचं आम्ही सगळ्यांनी ऐकलं आणि सोडून दिलं.

तेर्हीचा बाप तौनो खाडीपलीकडे एकटा राहायचा. पूर्वी कूसलुओतो गावातून मदतनीस बाई रोज फेरी मारायची. नगरपालिकेनं ती फेरी बंद केली आणि म्हाताऱ्यांच्या भिंतींवर पडदे बसवायचं ठरवलं. पडलं-झडलं तर लाल बटण दाबायचं, की मदतीची गाडी येणार. पडद्याची रचना आमच्या वर्गाला सरावासाठी दिली. तेर्हीचीच निवडली गेली. पडलेल्या माणसाचाही हात पोचावा म्हणून तिनं पडदा जमिनीलगत लावला होता. मला तिचा फार अभिमान वाटला, खोटं का बोला.

चाचणीला गावातले म्हातारे शाळेत आले. कॉफी होती, वेलचीचे पाव होते. सगळ्यांनी लाल बटण दाबलं, गाडीची घंटी वाजली, टाळ्या पडल्या. पण पहिला पडदा साइमी म्हातारीच्या घरी लागला, तिनं तो फडक्यानं पुसला नि गाडी दारात. पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. गाडीवाले वैतागले. मग तेर्हीनं नियमाप्रमाणे मध्ये एक प्रश्न घातला: 'तुम्हाला खरंच मदत हवी आहे का?' खाली दोन बटणं, हो आणि नाही.

पुन्हा चाचणी झाली. तौनोनं लाल बटण दाबलं. प्रश्न आला. त्यानं तो सावकाश वाचला आणि 'नाही' दाबलं.

"बाबा, तू पडलायस असं समजायचंय ना!" तेर्ही म्हणाली.

"समजलो की. पण मरत तर नाहीये."

सगळे खो खो हसले. इल्पो म्हणाला, "आजोबा नाटकात काही शिरत नाहीत." मी हसले नाही. आमच्याकडे माणूस बर्फात कंबरेपर्यंत रुतेल, पण शेजाऱ्याला हाक मारणार नाही, हे मला माहीत होतं. तेर्हीलाही माहीत होतं. परतताना गाडीत ती म्हणाली, "तो प्रश्न काढून टाकावा का गं?" मग स्वतःच म्हणाली, "पण खोट्या घंट्या तर थांबल्यात." आणि पडदे खाडीच्या काठाकाठानं घरोघरी लागले.

फेब्रुवारीत खाडी गोठली. घंट्या कमी झाल्या, पुढे जवळपास बंदच झाल्या. नगरपालिकेनं तेर्हीला फुलं पाठवली. इतकी शांतता मला बरी वाटेना. तेर्हीला तसं म्हटलं, तर ती म्हणाली, "तुला चांगलं बघवतच नाही."

रविवारी ती बापाकडे गेली. तो ओसरीत पडलेला सापडला. खुबा मोडलेला, अंग बर्फासारखं गार, डोकं पडद्यापासून हातभर अंतरावर. मी गाडी घेऊन इस्पितळात पोचले, तेव्हा डॉक्टरनं आशा सोडा म्हणून सांगितलं होतं. तौनो मात्र शुद्धीवर होता.

"बाबा, बटण का नाही दाबलंस?"

"दाबलं की." त्याला धाप लागत होती. "त्यानं विचारलं, खरंच हवी आहे का. मला वाटलं, माझ्यापेक्षा कुणाला जास्त गरज असेल. थोड्या वेळानं पुन्हा दाबलं. पुन्हा तेच विचारलं." मग जरा ओशाळून म्हणाला, "सारखं सारखं विचारायला लागलं की लाज वाटते गं."

तेर्ही रडली नाही. बाहेर व्हरांड्यात येऊन ती भिंतीला टेकून उभी राहिली. तिच्या मनात काय चाललंय ते मला कळलं. काठावरच्या प्रत्येक घरात तोच प्रश्न लटकत होता, आणि कित्येक दिवसांत कुठूनही घंटी आली नव्हती.

तिनं साइमीला फोन लावला. बराच वेळ वाजल्यावर तो उचलला गेला.

"साइमी, तेर्ही बोलतेय. तू ठीक आहेस ना? काही मदत हवी आहे का?"

पलीकडून बारीक आवाज आला, मलाही ऐकू आला. "नको गं, काही नको. उगाच त्रास घेऊ नकोस."

तेर्हीनं फोन ठेवला आणि माझ्या हातातली गाडीची किल्ली ओढून घेतली.